बांबू की कामिनी? परसातल्या आडोशासाठी

परसात आडोसा हवा म्हटलं की पहिला प्रश्न असतो, 'लवकर उंच काय होईल?' माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे: खुर्ची टाकून बसल्यावर समोरच्याची नजर जिथून येते, तिथे पानं असतील का? ती जागा जमिनीपासून जेमतेम तीन-चार फुटांवर असते. बांबू आणि कामिनी (काही जण तिला कुंती म्हणतात) हे दोन्ही मी दोन बाजूंना लावले आहेत. माझा कौल याच एका गोष्टीवर ठरला.

बांबूचा वेग निर्विवाद आहे. जमिनीतून वर येणारा कोंब येतानाच आपली पूर्ण जाडी घेऊन येतो आणि काही महिन्यांत पूर्ण उंची गाठतो. नंतर ती काठी आयुष्यभर ना उंच होते, ना जाड. घाईत असलेल्याला हे वरदानच. फक्त जात निवडताना बेट करून वाढणारीच घ्या. जमिनीखालून धावणारी जात शेजाऱ्याच्या वाफ्यात कोंब काढते आणि मग ते खणत बसणं संपत नाही.

पण बेट जून होत गेलं तसा माझ्याकडे त्याचा तळ उघडा पडला. वरची पानं दाट झाली, ऊन खाली पोचेना, खालच्या पेरांवरच्या बारीक फांद्या वाळून गळाल्या. वर डुलणारी हिरवळ आणि खाली नुसत्या काठ्या. उभं राहिलं की आडोसा, बसलं की त्या काठ्यांमधून सगळं आरपार. शेंडे कापले तर काठीची उंची थांबते, वरच्या पेरांवर पानोळा वाढतो, पण खाली गेलेल्या फांद्यांच्या जागी पुन्हा भरगच्च फूट आलेली मी तरी पाहिली नाही. दरवर्षी जुन्या काठ्या मुळाशी कापून ऊन आत घेतलं तर बरंच सुधारतं. तेवढी निगा तुम्ही राखणार असाल तर माझी तक्रार तुम्हाला कदाचित लागू होणार नाही. पाचोळा मात्र वर्षभर झाडावा लागतो, आणि जोराच्या पावसात भिजलेल्या काठ्या भिंतीपलीकडे झुकतात.

कामिनी सावकाश वाढते, आणि तो सावकाशपणा खरंच अंत पाहतो. मात्र छाटलं की ती खालून फुटते, आणि आडोशासाठी मला हा गुण सगळ्यांत मोलाचा वाटतो. शेंड्यात तयार होणारं ऑक्झिन हे वाढीचं संप्रेरक खालच्या डोळ्यांना, म्हणजे नवी फांदी जिथून फुटते त्या जागांना, दाबून ठेवतं. शेंडा गेला की ते डोळे जागे होतात. म्हणून रोप गुडघ्याएवढं झालं की वरचा भाग निर्धास्त कापावा. जीवावर येतं, कारण आधीच हळू वाढणारं झाड आपण आणखी खुजं करत असतो. पण तळ भरतो तो याच कापण्याने. पुढेही छाटताना तळ रुंद आणि माथा थोडा अरुंद ठेवावा. भिंतीसारखं सरळ उभं, किंवा वर पसरट छाटलं तर खालच्या पानांना ऊन मिळत नाही आणि कामिनीचीही गत बांबूसारखीच होते.

फुलांचा बहर येऊन गेल्यावर छाटलं तर सुगंधही हातचा जात नाही. संध्याकाळनंतर त्या बाजूला बसावंसं वाटतं, हे माझ्या कौलात नकळत मिसळलं असेलच.

एका बाबतीत मात्र कामिनी घेऊ नये असंच सांगेन. ती लिंबाच्याच कुळातली आहे, आणि लिंबूवर्गीय झाडांत ग्रीनिंग हा रोग पसरवणारी सिट्रस सायला ही कीड तिच्या कोवळ्या पालवीवर वाढते. परसात लिंबू, संत्रं किंवा मोसंबी असेल तर हा धोका पत्करण्यात अर्थ नाही. तसंच, वरच्या मजल्याची खिडकी झाकायची असेल तर कामिनीची वाट बघू नका. ते काम बांबूचंच.

बाकी बसायच्या जागेभोवती कामिनीच बरी, असं मला वाटतं. दोन रोपांत दोन फूट अंतर पुरतं. भिंतीपासूनही तेवढंच अंतर सोडा, नाहीतर मागच्या बाजूने कात्री चालवायला जागाच उरत नाही. ती भरेपर्यंत समोर जाळी उभी करून गोकर्णाचा वेल चढवला तर एका हंगामात तात्पुरता आडोसा मिळतो. वेलाचे शेंडे कामिनीवर सरकायला लागले की लगेच सोडवा, कारण त्यांच्या सावलीत पहिली गळतात ती खालचीच पानं.