बाहुलीच्या नऊवारीसाठी खणाचे तुकडे: नवी पेठेतला कटपीसचा माल

सोलापुरात नवी पेठेतल्या या कटपीसच्या दुकानात खणाचे मीटरभर लांबीपर्यंतचे उरलेले तुकडे मिळतात. २९ सेंटीमीटरच्या, म्हणजे १:६ मापाच्या (खऱ्या माणसाच्या सहाव्या हिश्श्याच्या) बाहुलीसाठी जरूर घ्या, पण काठ दीड सेंटीमीटरच्या आत असेल तरच. बाहुलीवर तो नऊ सेंटीमीटरचा भासतो. त्याहून रुंद काठ थेट गुडघ्याकडे चढतो. तुकड्याच्या एकाच कडेचा काठ वापरात येतो, दुसरा कापून वेगळा टाचावा लागतो.

हिशेबाने नऊवारीला १३७ सेंटीमीटर हवेत, पण कापडाची जाडी काही सहापट कमी होत नाही. पूर्ण लांबी नेसवली की कमरेला गाठोडं होतं. ९० पुरे, रुंदी १९. निऱ्या तीनच, धावदोऱ्याने धरून ओल्या फडक्याखाली इस्त्री करा.

लाल, जांभळ्या खणाचा रंग जातो आणि बाहुलीच्या व्हिनाइलच्या अंगावर बसलेला डाग सहजी निघत नाही. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, आतून पांढरं मलमल लावाच. कडा फार सुटतात, म्हणून कापण्याआधीच रेषेवर पातळ फॅब्रिक ग्लू फिरवा. सुई ९ नंबरची, टाका दीड मिलिमीटरचा.

फोटोसाठी मागे सोलापुरी चादर टांगायचा मोह आवरा. तिच्यावरची नक्षी बाहुलीच्या डोक्याएवढी दिसते, सगळं बिंग फुटतं. साधा मांजरपाट बरा. कॅमेरा बाहुलीच्या डोळ्यांच्या रेषेत, उजेड खिडकीचा, सावलीच्या बाजूला उजेड परतवायला थर्माकोलचा तुकडा.

दुकानदार तुकड्यातला तुकडा कापून देत नाही, एवढीच कुरकुर.