जुने इंजिन, परके ईसीएम आणि अर्थिंगची एक पट्टी : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

खंबाटकी घाटात पाणी संपून माझ्या स्विफ्ट डिझेलचे इंजिन जाम झाले, तेव्हा गॅरेजने नव्या इंजिनाचा सांगितलेला आकडा गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्याहून अधिक होता. त्यामुळे कुर्ल्याच्या जुन्या स्पेअरच्या बाजारातून ४८,००० रुपयांना वापरलेले इंजिन आणि वर ९,००० रुपयांना त्याच गाडीचे ईसीएम (इंजिन चालवणारा संगणक), इमोबिलायझरचे (चोरी रोखण्यासाठी परक्या किल्लीने गाडी चालू होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) मॉड्यूल आणि किल्ली असा संच मी आणला. त्यानंतर गाडी ११,४०० किलोमीटर धावली आहे. इंजिनाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती वायरिंगबद्दल, आणि तिच्यातला बराचसा वाटा माझ्या काटकसरीचा आहे.

१२४८ सीसीचे मल्टिजेट डिझेल इंजिन स्विफ्टमध्ये होते, पुंटोमध्ये होते आणि व्हिस्टामध्येही होते, म्हणून कोणतेही उचलून कुठेही बसवता येईल असा समज बाजारात सर्रास आढळतो. फियाट आणि टाटांच्या गाड्यांसाठी ते रांजणगावला तयार होई, तर मारुतीसाठी मानेसरला. मूळ ब्लॉक एकच असला तरी ईसीएम, कपलर (वायरी जोडणारे प्लग) आणि इमोबिलायझर प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. एवढे मला ठाऊक होते, म्हणून मी स्विफ्टचेच इंजिन हवे असा हट्ट धरला आणि निर्धास्त झालो. लक्षात आले नाही ते वेगळेच. १ एप्रिल २०१० पासून बीएस-४, म्हणजे गाडीच्या धुराचे बीएस-३ पेक्षा कडक निकष, लागू झाले ते देशातल्या केवळ १३ शहरांत. महाराष्ट्रातली त्यांतली शहरे मुंबई, पुणे आणि सोलापूर. माझी २०११ ची गाडी सांगलीची, म्हणजे बीएस-३. आणलेले इंजिन पुण्याच्या गाडीचे, म्हणजे बीएस-४. बाहेरून दोन्ही इंजिने जुळी भावंडे वाटत होती, पण ईजीआरचे (थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या झडपेचे) कपलर एकमेकांत बसेनात, कारण पिनांची संख्याच निराळी होती.

इलेक्ट्रिशियनने यावर उपाय काढला तो असा की, नव्या इंजिनासोबत आलेले ईसीएमच वापरायचे आणि विक्रेत्याने इंजिनाबरोबर दिलेला वायरिंगचा कापलेला तुकडा माझ्या गाडीच्या वायरिंगला जोडायचा. अकरा वायरी कापल्या गेल्या, डाग देऊन जोडल्या गेल्या आणि १४,००० रुपयांचे बिल झाले. किल्लीतली चिप, इमोबिलायझरचे मॉड्यूल आणि ईसीएम यांची एकमेकांशी ओळख पटल्याशिवाय गाडी चालू होत नाही. म्हणून नुसते ईसीएम स्वस्तात मिळते तरी ते घेऊन उपयोग नसतो, पूर्ण संचच घ्यावा लागतो. त्याने परक्या किल्लीचे डोके उघडले, करंगळीच्या नखाएवढी चिप चिमट्याने उचलून माझ्या किल्लीत बसवली आणि पहिल्याच सेल्फला गाडी चालू झाली. त्या दिवशी हा अनुभव लिहिला असता, तर मी कौतुकाशिवाय दुसरे काही लिहिले नसते.

तिसऱ्या महिन्यात कराडजवळ गाडी बंद पडली. सेल्फ फिरे, पण इंजिन पकडत नसे. स्कॅनरने पी०३३५, म्हणजे क्रँक सेन्सरच्या (इंजिनाचे फिरणे ईसीएमला कळवणाऱ्या सेन्सरच्या) सर्किटमधल्या दोषाचा कोड दाखवला. सेन्सर बदलला, १,८०० रुपये गेले, आणि आठवड्याने पुन्हा तेच झाले. दुसरा सेन्सर आणला, पुन्हा १,८०० रुपये. आता दोष त्या अकरा जोडांचाच असणार, अशी माझी खात्री झाली आणि इलेक्ट्रिशियनशी फोनवर मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही.

कराडच्या एका वयस्कर वायरमनने स्कॅनरला हातही लावला नाही. मल्टिमीटरची एक तार त्यांनी इंजिनच्या ब्लॉकवर टेकवली, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर, आणि मला सेल्फ मारायला सांगितले. मीटरने १.६ व्होल्ट दाखवले. "इथं शून्याच्या आसपास आकडा हवा, साहेब. अर्थिंग कुठाय तुमचं?" असे म्हणून ते वाकले आणि बॅटरीच्या ट्रेखालून एक विणलेली तांब्याची पट्टी त्यांनी ओढून काढली. इंजिन उतरवताना सोडलेली ती पट्टी परत कोणी जोडलीच नव्हती. ब्लॉकला बॉडीशी जोडणारा तो मुख्य मार्ग तुटल्यामुळे सेल्फचा प्रचंड प्रवाह गिअरच्या केबलमधून आणि बारीक अर्थ वायरींमधून वाट काढत होता; ईसीएमला मिळणारा व्होल्टेज त्यामुळे घसरे आणि सेन्सर धडधाकट असूनही त्याचा सिग्नल हरवे. नवी पट्टी २२० रुपयांची होती. सत्तावन्न हजारांची खरेदी आणि चौदा हजारांची मजुरी अडली होती ती त्या पट्टीपाशी, आणि त्यात ३,६०० रुपयांचे सेन्सर निष्कारण बदलले गेले. हे मी अजून विसरलेलो नाही. दर महिन्याला मीटर लावून मी तो आकडा वहीत लिहितो आणि घरचे लोक त्यावर हसतात.

इलेक्ट्रिशियनला फोन करून मी चूक कबूल केली. मात्र पाचव्या महिन्यात पावसाळा लागला आणि दोन जोडांवर हिरवट गंज धरला, त्यामुळे ती कबुली मला अर्धी मागे घ्यावी लागते. शेवटी ६,५०० रुपये देऊन सगळे उलटे केले. माझी मूळ वायरिंग कापलेल्या जागी नवी वायर टाकून पूर्ववत करून घेतली, माझे ईसीएम परत बसवले, आणि जुन्या इंजिनवरचे ईजीआर व सेन्सर काढून नव्यावर चढवले. इंजेक्टरही माझेच ठेवले, कारण प्रत्येक इंजेक्टरचा कोड ईसीएममध्ये नोंदलेला असतो आणि तो नव्याने लिहू शकणारे यंत्र त्या इलेक्ट्रिशियनकडे नव्हते. नोंदणीप्रमाणे गाडी बीएस-३ आहेच आणि आता तिचे वायरिंगही तेच आहे. हे काम पहिल्याच दिवशी झाले असते, तर परक्या ईसीएमचे नऊ हजार आणि जोडकामाचे चौदा हजार वाचले असते. इंजिन क्रमांक आरसीवर बदलून घेण्यासाठी विक्रेत्याचे बिल लागते, ते मात्र मी आठवणीने घेतले होते.

त्यानंतर चार महिन्यांत एकही कोड आलेला नाही. परके ईसीएम आणि ती उघडी किल्ली कपाटात पडून आहे. विक्रेता ते परत घ्यायला तयार आहे, पण १,५०० रुपयांत, आणि तेवढ्याला मी देणार नाही.