कॉल ऑफ कथुलू स्टार्टर सेट: जास्त कळलं की डोकं फिरणार

जुन्या कथांवरून बनवलेल्या गेमचं बहुतेक वेळा दोनपैकी एक होतं. एकतर नुसती नावं उचललेली असतात आणि आत तेच, मारा, सोनं गोळा करा, लेव्हल वाढवा. नाहीतर मग इतकं सोवळं की आपण खेळायला बसलोय की पारायणाला तेच कळत नाही. केऑसियम कंपनीचा हा कॉल ऑफ कथुलू स्टार्टर सेट दोन्हीत बसत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी: एच. पी. लवक्राफ्ट हा अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्सचा भयकथा लेखक, १९३७ साली गेला, जिवंत होता तोवर फारसं कोणी विचारलं नाही. त्याची कथुलू या समुद्राखालच्या राक्षसाची कथा १९२८ मध्ये वियर्ड टेल्स मासिकात आली आणि १९८१ मध्ये सँडी पीटरसनने त्या सगळ्या कथाविश्वावर हा टेबलटॉप रोलप्लेइंग गेम केला, म्हणजे टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र व्हायचं आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची. २०१४ ची सातवी आवृत्ती माइक मेसन आणि पॉल फ्रिकर यांची, आणि तिच्यावरचा हा बॉक्स आला २०१८ मध्ये. नारायण धारपांचे समर्थ वाचून मोठे झालेल्यांना वातावरण एकदम ओळखीचं वाटेल, फक्त इथे शेवटी वाचवायला समर्थ येत नाहीत.

बॉक्समध्ये तीन पातळ पुस्तिका, फासे, तयार कॅरेक्टर्स, स्वतःच्या कॅरेक्टरची माहिती लिहायला कोऱ्या शीट्स आणि हँडआउट, म्हणजे खेळाडूंच्या हातात द्यायची पत्रं, कात्रणं वगैरे. पहिली पुस्तिका एकट्याने खेळायची आहे, अलोन अगेन्स्ट द फ्लेम्स. तुम्ही आर्कम या लवक्राफ्टच्या काल्पनिक गावाला निघालेले असता, बस मधेच एका आडगावात थांबते, आणि त्या प्रवासात गोष्ट वाचता वाचता तुमची कॅरेक्टर शीट भरत जाते, नियमही तिथेच कळत जातात. नवीन माणसाला रोलप्लेइंग शिकवायची याहून चांगली पद्धत मी तरी बघितलेली नाही, कारण एरवी पहिला तास 'हा आकडा कुठे लिहू' यातच जातो आणि निम्मे लोक मोबाईल काढतात.

आता मुद्द्याचं. लवक्राफ्टची ती कथा सुरूच होते या विचाराने की माणसाच्या डोक्याला सगळ्या सुट्या गोष्टी जोडता येत नाहीत तेच बरंय, ज्या दिवशी जोडता येतील त्या दिवशी वेड लागेल. बहुतेक डिझायनर हे वाक्य पुस्तकाच्या सुरुवातीला छापून मोकळे झाले असते. इथे त्याचा नियम केलाय. भयंकर काही दिसलं की सॅनिटीचा, म्हणजे डोकं ठिकाणावर असण्याचा रोल: फासे टाकायचे, आकडा आपल्या गुणाच्या आत आला तर जमला. एका फटक्यात पाच किंवा जास्त पॉइंट गेले तर बुद्धीचा, म्हणजे इंटचा रोल करायचा, आणि इथे गंमत आहे, रोल फसला तर तुम्ही वाचलात! तुम्हाला काय बघितलं ते नीट समजलंच नाही. रोल जमला तर समजलं, आणि समजलं म्हणजे गेलात कामातून, काही तास तरी.

आमच्या टेबलावर एकजण प्रोफेसर होता, इंट ८०, दुसरा बॉक्सर, इंट ४५. तळघरातलं ते काहीतरी दोघांनी एकदमच बघितलं. बॉक्सरचा रोल फसला, तो म्हणाला "काय नाय रे, मोठं कुत्रं असेल." प्रोफेसरने ३१ टाकला आणि सवयीने हात वर करून ओरडला, "झाला, झाला!" मी म्हटलं, अरे झाला ना, तोच तर प्रॉब्लेम आहे. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. लांबलचक विशेषणं नाहीत, तोंडावर टॉर्च मारून घुमवलेला आवाज नाही, नुसत्या फाशांनी मूळ कथेतली भीती टेबलावर आणली.

तसंच कथुलू मिथोस नावाच्या स्किलचं, म्हणजे या राक्षसांच्या विश्वाबद्दल तुम्हाला किती कळलंय त्याचं. ते जितकं वाढेल तितकी तुमची जास्तीत जास्त सॅनिटी कमी, ९९ वजा मिथोस, संपलं. म्हणजे अभ्यासू माणूसच सगळ्यात धोक्यात. आणि तरी या गेममधलं सगळ्यात कामाचं स्किल बंदूक नाही, लायब्ररी यूज आहे, ते घेतल्याशिवाय पुढे सरकताच येत नाही. जुन्या कागदांच्या धुळीत तासन् तास बसणं हे ज्या गेममध्ये थरारक वाटतं त्याला माझा सलाम.

मग नवीन काय केलंय? हिशोब सोपा केलाय मुख्यतः. आधीच्या आवृत्त्यांमध्ये ताकद, बुद्धी वगैरे साधारण ३ ते १८ मध्ये असायचं आणि एक रेझिस्टन्स टेबल होतं जे बघून झोप यायची, आता सगळं टक्क्यांत, स्किलच्या निम्म्याच्या आत आलं तर हार्ड यश, पाचव्या हिश्शाच्या आत एक्स्ट्रीम यश. जुने आकडे पाचने गुणले की नव्यात बसतात, त्यामुळे ऐंशीच्या दशकातले सिनॅरिओ, म्हणजे खेळायच्या तयार गोष्टीसुद्धा थोड्या खटपटीत चालतात, हे मला फार आवडलं, कारण नवीन आवृत्ती आली की जुनं सगळं रद्दीत हा धंदा इतर ठिकाणी बघून कंटाळा आलाय.

पण खरा सुधार म्हणजे पुश. रोल फसला तर परत टाकता येतो, फक्त काय वेगळं करताय ते सांगायचं, आणि दुसऱ्यांदा फसलात तर कीपर, म्हणजे गोष्ट चालवणारा, काहीही वाईट करू शकतो. कुलूप उघडत नाही? "लाथ घालतो दाराला." बरं, पुश करतोस? आणि ते "करतोस?" म्हटलं की टेबल गप्प. लवक्राफ्टची माणसं अशीच मरतात ना, परत फिरायची संधी असते आणि तरी दार उघडतात. मोठ्या रूलबुकात लकचे पॉइंट खर्च करून रोल सुधारायचा पर्यायी नियमही आहे, तो मी वापरत नाही, भीतीची धार जाते.

आता नाजूक विषय. लवक्राफ्ट वंशद्वेष्टा होता, आणि ते पत्रांत एखादी ओळ वगैरे नाही, कथांमध्येच भरलेलं आहे. त्या कथुलूच्या कथेत जगभर काय काय विचित्र घडतंय याची कात्रणं येतात त्यात भारत एका ओळीत उरकलाय, नेटिव्ह लोकांत अस्वस्थता आहे म्हणे. १९२५ च्या भारतातली अस्वस्थता, आणि याला ती समुद्राखालच्या राक्षसामुळे वाटते! असो. २०१५ मध्ये वर्ल्ड फँटसी पुरस्काराने त्याच्या चेहऱ्याची ट्रॉफी बंद करायचं ठरवलं ते याच वादातून. गेमवाल्यांनी हे झाकलेलं नाही. याच बॉक्समधला डेड मॅन स्टॉम्प हा सिनॅरिओ विसाच्या दशकातल्या न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, जॅझच्या दुनियेत घडतो, आणि तिथले काळे लोक हे माणसं म्हणून येतात, सजावट म्हणून नाही. या वाटेने पुढे जायचं असेल तर ख्रिस स्पायव्हीचं हार्लेम अनबाउंड हे वेगळं पुस्तक आहे, त्याची दुसरी आवृत्ती केऑसियमनेच २०२० मध्ये काढली. मला हा मार्ग पटतो, लेखकाची कल्पना ठेवा, त्याचा चष्मा काढा.

वेडाच्या बाबतीत मात्र अजून घोळ आहे. फोबिया आणि मेनियाच्या याद्या, फासा टाका आणि आजार घ्या, हे २०१८ मध्येही जुनंच वाटतं. आमच्या ग्रुपमध्ये आधीच बोलून ठरवलंय की याद्या नकोत, त्याऐवजी शीटवर जी माणसं आणि श्रद्धा लिहिलेल्या असतात त्यात बदल करायचा, सातव्या आवृत्तीत तशी सोय आहेच. देवावर विश्वास असलेला माणूस देवघरात जायचा बंद होतो, हे कुठल्याही फोबियापेक्षा जास्त लागतं.

घ्यावा का? कीपर व्हायची हौस असेल तर डोळे झाकून. परदेशातून मागवणार असाल तर शिपिंग आणि कस्टम धरून हिशोब करा, नाहीतर पीडीएफ घ्या आणि हँडआउट कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून काढा. त्याआधी क्विक स्टार्ट नियम आणि ती एकट्याने खेळायची पुस्तिका कंपनीच्या साइटवर फुकट मिळतात, ते खेळून बघा. लवक्राफ्ट आधी वाचायची गरज नाही, वाचायचाच असेल तर आपल्याकडे त्याचा कॉपीराइट कधीच संपलाय. भाषा इंग्रजी आहे पण टेबलावर बिनधास्त मराठीत बोला, काही अडत नाही. आणि एकच मित्र मिळाला तरी चालतो, पेपर चेस हा सिनॅरिओ एक कीपर आणि एक खेळाडू एवढ्यासाठीच लिहिलाय, एका संध्याकाळीत होतो. मोठा ग्रुप असेल तर एज ऑफ डार्कनेस घ्या, फक्त रात्री उशिरा सुरू करू नका, शेवटचा भाग घाईत उरकला तर सगळी मजा जाते.