उणे १२ व्होल्टच्या नावाखाली साधं बक कन्व्हर्टर गळ्यात मारलं

ऑप-अँपच्या (सिग्नल मोठा करणाऱ्या चिपच्या) सर्किटला अधिक-उणे १२ व्होल्ट हवे होते आणि हाताशी सप्लाय एकच, २४ व्होल्टचा. २४ चे १२ व्होल्ट करणारं मॉड्यूल खरंच आयसोलेटेड, म्हणजे इनपुट आणि आउटपुट आतून तारेने न जोडलेलं असेल तर काम सरळ आहे. आउट-प्लस ग्राउंडला जोडा, आउट-मायनसवर उणे १२ मिळतात. म्हणूनच साध्या मॉड्यूलच्या तिप्पट पैसे आगाऊ भरून ६ मॉड्यूल मागवली. लेबलवर ठळक छापलेलं, ‘आयसोलेशन १५०० व्होल्ट’. काळं इपॉक्सी खरवडल्यावर आत काय निघालं? ट्रान्सफॉर्मर नाहीच. दोन टोकांची एक कॉइल, एक बक (व्होल्टेज नुसतं उतरवणारी) चिप, आणि इन-मायनसपासून आउट-मायनसपर्यंत सरळ गेलेली तांब्याची जाड पट्टी. सहाच्या सहा तशीच.

म्हणजे आउट-प्लस ग्राउंडला लावला की मॉड्यूलचं आउटपुट थेट शॉर्ट. उणे रेलवर (जिथे उणे १२ हवेत त्या तारेवर) शून्य, चिप चटका बसेल इतकी गरम, आणि स्कोपवर साइन वेव्हचा खालचा अर्धा भाग साफ कापलेला.

मला खरा संताप येतो तो त्यांच्या व्हिडिओचा. त्यात मीटरवर उणे १२ स्वच्छ दिसतात. पण मॉड्यूल वेगळ्या अडॅप्टरवर चालवलंय, इन-मायनसपासून आउट-प्लसपर्यंत वायरच नाही आणि मीटरचा काळा प्रोब आउट-प्लसवर! प्रोब उलटे धरले की साधा सेलसुद्धा उणे दीड व्होल्ट दाखवतो. ही वायर नसणं तेव्हाच डोळ्यांत भरायला हवं होतं. पण १५०० व्होल्टचं लेबल समोर असताना वायर मोजत कोण बसतं? माल हातात आल्यावर इन-मायनस आणि आउट-मायनसमध्ये मीटर वाजला, तेव्हा मी लगेच विचारलंही होतं. उत्तर आलं, ‘दोन्ही बाजूंमध्ये कॅपॅसिटर असतो, म्हणून बीप येते.’ असा कॅपॅसिटर खऱ्या मॉड्यूलमध्येही असतो, म्हणून थाप पचली. पण त्या नॅनोफॅरडभर कॅपॅसिटरने मीटर सलग वाजत राहत नाही. सलग बीप म्हणजे आत तार जोडलेली आहे, विषय संपला.

तक्रार केली तर विक्री संकेतस्थळाच्या कक्षाने मागितला ‘तुटलेल्या वस्तूचा फोटो’. अहो, वस्तू तुटलेलीच नाही, खोटी आहे! खरवडलेल्या बोर्डाचे फोटो पाठवले, तर ‘ग्राहकाने वस्तू उघडल्याने परतावा बाद’. न उघडलेलं मॉड्यूल त्यांनी तपासायला मागवलं, अधिक १२ मोजले आणि ‘वर्णनानुसार चालते’ म्हणून तक्रार बंद. आयसोलेशन मोजलंच नाही! बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. पोलिसांनी सांगितलं, हा ग्राहकाचा वाद, आमच्याकडे येत नाही. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर प्रयोगशाळेचा दाखला मागितला, आणि तो मॉड्यूलपेक्षा महाग! एका मीटरने आणि दोन प्रोबने जे क्षणात दिसतं, ते बघायला एकही माणूस तयार नाही. शेवटी विक्रेत्यानेच निरोप धाडला, १० टक्के घ्या आणि तक्रार मागे घ्या. मी नाही घेतले.

असा माल गळ्यात पडलाच असेल तर इन-मायनस ग्राउंडला ठेवून उणे रेल काढायचा प्रयत्न करू नका. साध्या बकमधून उणे काढता येतात, पण जोडणी वेगळी: सप्लायचा मायनस आउट-प्लसला, तेच ग्राउंड, आणि मॉड्यूलचे दोन्ही मायनस उणे रेलवर. तेव्हा चिपवर २४ नाही, २४ अधिक १२ म्हणजे ३६ व्होल्ट येतात. इनपुटला ३५ व्होल्टचा कॅपॅसिटर असेल तर आधी तो बदला. करंटही छापल्यापेक्षा बराच कमी मिळतो. ही वेगळी जोडणी न करता दोन मॉड्यूल एकाच सप्लायवर लावून अधिक-उणे करणार असाल, तर उणे बाजूचं तरी खरं आयसोलेटेड हवंच.

ती विक्री अजून चालू आहे, व्हिडिओही तोच. घ्यायचंच असेल तर पैसे भरण्याआधी विक्रेत्याकडे नवा व्हिडिओ मागा: इन-मायनस आणि आउट-प्लस एका वायरने जोडलेले, आउटपुटला लोड, आणि त्याच चित्रात मीटरवर उणे १२.