पाय हलला आणि 6,17,300 रुपये गेले

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून ‘अडाणी असतील बिचारी’ म्हणायची सोय राहणार नाही. अडाणी नाही, बी.एस्सी. बी.एड. आहे. तरी फसले.

14 मार्च 2024 ला हे शेतातल्या सोलर पॅनेलवरची धूळ पुसायला चढले आणि 12 फुटांवरून पाठीवर पडले. डी10 चा मणका फुटला. ऑपरेशन झालं, रॉड बसले. मज्जारज्जू पूर्ण तुटलेला नाही, इजा ‘इनकम्प्लीट’ आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. सुईनं टोचून टोचून तपासलं. गुदद्वाराजवळची संवेदना शाबूत होती आणि हीच खरी चांगली बातमी, असं म्हणाले. एशिया ग्रेड ‘सी’ लिहिला (मज्जारज्जूची इजा मोजायची पट्टी, ‘ए’ सर्वांत वाईट, ‘ई’ म्हणजे नॉर्मल). म्हणजे इजेच्या खाली स्नायू थोडे हलतात, पण बहुतेकांत स्वतःचं वजन उचलण्याइतकी ताकद नाही.

आता ‘इनकम्प्लीट’ म्हटल्यावर आशा सुटते का? आणि स्टेम सेलनं (मूळ पेशींनी) पेशंटला चालवतो म्हणणाऱ्या सेंटरवाल्यांचा सगळा धंदा त्या आशेवरच चालतो. अशा इजेत पहिल्या सहा महिन्यांत, वर्षभरात पेशंट बऱ्यापैकी सुधारतो, नुसत्या नीट फिजिओथेरपीवरही. म्हणजे हे सेंटरवाले पैसे घेऊन मधल्या काळात हजर झाले, की सुधारणा आपोआप त्यांच्या नावावर जमा. यांचा उजवा गुडघा मे महिन्यातच, घरी, खाटेवर, पहिल्यांदा वाकला होता. माझ्या वहीत तारीख आहे. सेंटरच्या कागदावर तोच गुडघा ‘पहिल्या डोसनंतर’ वाकला.

मोबाईलवर व्हिडिओ दिसला: व्हीलचेअरवरून उठून चालणारा तरुण, मागे बासरी. फोन केला तर ‘डॉक्टर’ म्हणवणारी एक बाई गोड बोलली. (ती डॉक्टर नव्हती, समुपदेशक होती, हे तिसऱ्या महिन्यात कळलं.) एका ‘जुन्या पेशंट’चा नंबर दिला. तो माणूस म्हणाला, “फरक आहे,” आणि मग जरा गप्प बसला. त्या गप्प बसण्याचा अर्थ आता लागतो.

3 जूनला पुण्यात त्या सेंटरमध्ये दाखल झालो. नोंदणी 5,500. ‘सेल बँकिंग’, म्हणजे पेशी साठवून ठेवण्याचे, 1,45,000. नाळेतल्या स्टेम सेलचे 3 डोस आणि 90 दिवसांची न्यूरो-रिहॅब मिळून 4,40,000, त्यातून 20,000 सूट (ती कशाबद्दल, ते पुढे सांगते, लाज वाटते म्हणून लांबवतेय). पॅकेजमध्ये नसलेलं ‘रोबोटिक’ 1,800 रुपये रोज, 26 दिवस, म्हणजे 46,800. एकूण 6,17,300. भाड्याच्या खोलीचे महिना 11,000 वेगळेच. पतसंस्थेचं कर्ज 3,00,000, माझ्या पाटल्या गहाण, उरलेले भविष्य निर्वाह निधीतून. क्यूआर कोड स्कॅन केला की नाव यायचं एका बाईचं. विचारलं तर म्हणाले, “अकाउंट्सच्या मॅडम आहेत.” रुग्णालयाचे पैसे माणसाच्या नावावर जात असतील तर तिथूनच माघारी फिरा.

आता तो दिवस. बारावा. थेरपिस्टनं यांचं डावं पाऊल हातात घेतलं, झटकन वर दाबलं आणि दाबूनच धरलं. पाऊल ठकठकठक हलायला लागलं. “बघा मॅडम, नस जागी झाली!” सगळे टाळ्या वाजवायला लागले. हे रडले. मीही रडले.

आणि मला माहीत होतं हो! एप्रिलमध्ये सरकारी दवाखान्याच्या फिजिओथेरपी विभागात हेच पाऊल असंच नाचलं होतं. तिथली इंटर्नशिप करणारी मुलगी, माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची, म्हणाली होती, “ताई, घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका. याला क्लोनस म्हणतात. मेंदूचा लगाम सुटलाय म्हणून पाय आपला आपण उड्या मारतो. हलवा म्हटल्यावर हलला आणि थांबवा म्हटल्यावर थांबला, तर खरं.” मी मान डोलावली होती. दोन महिन्यांनी तेच पाऊल, तेच ठकठक, आणि मी एकदाही म्हटलं नाही की जरा यांना स्वतःहून थांबवायला सांगा. एवढं एक वाक्य! वर्गात मुलांना सांगते, प्रयोग स्वतः करून बघा, पाठ्यपुस्तकावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. तेव्हा माझी जीभ उचलली नाही. कारण दुसरा हप्ता, 2,10,000 रुपये, आदल्याच दिवशी भरला होता. पैसे भरल्यावर माणसाला खरं नको असतं.

त्याच संध्याकाळी कॅमेरा आला. “माझ्या नवऱ्याला पुनर्जन्म मिळाला,” हे वाक्य त्यांनी लिहून दिलं, मी म्हटलं. 20,000 ची सूट त्याची. झालं सांगून.

तुम्ही म्हणाल, चौकशी का केली नाही. अडीच-तीन महिने माणूस खाटेवर असतो, दर दोन तासांनी कूस बदलायची, दर चार ते सहा तासांनी कॅथेटर घालायचा, दिराच्या तोंडचं ‘अजून किती दिवस’ ऐकायचं, सासूबाईंचे उपास. कुणीतरी ‘चालेल’ म्हणालं तर तुम्ही देव्हाऱ्यातलं सोनंही काढून द्याल.

आता माहीत आहे ते ऐका. रक्ताचे काही आजार सोडले तर स्टेम सेल हा प्रस्थापित उपचार नाही, असं आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या) 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. मज्जारज्जूच्या इजेसाठी तो फक्त मंजूर झालेल्या चाचणीत देता येतो, चाचणीची नोंद सीटीआरआय या देशातल्या चाचण्यांच्या नोंदवहीच्या संकेतस्थळावर असते, ती कुणालाही फुकट बघता येते. आणि चाचणीत पेशंटकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. पैसे मागितले की समजा. पक्षाघात बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायलाच 1954 च्या कायद्यानं बंदी आहे. सत्तर वर्षं जुना कायदा! आणि जाहिरात माझ्या मोबाईलवर दिवसातून सहा वेळा.

तीन महिन्यांनी डिस्चार्ज. कागदावर ग्रेड ‘डी’. सुई कुणी टोचलीच नव्हती. माकडहाडावर मात्र रुपयाएवढी बेडसोअरची जखम, ती पॅकेजमध्ये फुकट.

मग कचेऱ्या. पोलीस ठाण्यात म्हणाले, डॉक्टर-पेशंटचा वाद आहे, दिवाणी आहे. मी म्हटलं, सेंटरचा मालक डॉक्टर आहे की नाही तेच तर बघा. “मॅडम, पाय हलला ना? मग फसवणूक कसली?” डॉक्टरांची नोंदणी ठेवणाऱ्या कार्यालयात: मालक आमच्या यादीत नाही, म्हणून आमच्या अखत्यारीत नाही. म्हणजे नोंदणी नसलेला माणूस नोंदणी असलेल्यापेक्षा सुखी! फिजिओथेरपिस्टांची नोंदणी ठेवणाऱ्यांनी प्रतिज्ञापत्र, दोन प्रती, थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक मागितला. तो मला असता तर मी तिथे कशाला गेले असते? औषध खात्यात साहेब रजेवर. दुसऱ्यांदा गेले, साहेब मीटिंगला. तिसऱ्यांदा म्हणाले, जाहिरात पेपरात आली असती तर बघता आलं असतं. महापालिकेत म्हणाले, पेशंट रात्री तिथे झोपत नसेल तर ते रुग्णालय नाही. यांना ज्या रिक्षात टेकवून बसवून ठेवायचे तिचं भाडंच त्या महिन्यात 2,340 झालं. एका ठिकाणी लिफ्ट बंद होती, दिव्यांगांच्या तक्रारींचा कक्ष दुसऱ्या मजल्यावर.

शेवटी ग्राहक आयोग. भरलेली रक्कम 5 ते 10 लाखांत होती म्हणून 200 रुपये शुल्क लागलं, वकील नसला तरी चालतो, दोन वर्षांच्या आत दाखल करा. आमची तीन वेळा पुढची तारीख पडलीय. पावत्या जपा. व्हॉट्सॲपवरचं बोलणं पुसू नका. ‘पक्कं बिल नंतर देतो’ म्हणाले तर पैसेही नंतर द्या.

हे परत सरकारी दवाखान्यात जातात. पॅरलल बार, उठ-बस, डाव्या पायाला स्प्लिंट, वॉकर. पैसे फक्त केस पेपरचे. आता अंगणात 40 पावलं जातात. ती मुलगी इंटर्नशिप संपवून गेली, तिला तोंड दाखवायची वेळ आली नाही, बरं झालं.

व्हिडिओ अजून चालू आहे. काढा म्हणून चार पत्रं रजिस्टर्ड पोस्टानं पाठवली. उलट ‘जुने पेशंट’ म्हणून माझाच नंबर देतात. परवा नांदेडहून एका बाईचा फोन आला. मुलगा 22 वर्षांचा, गाडीवरून पडलाय. 5,500 भरून झालेत, तिथे खोली किती भाड्यानं मिळते, विचारत होती. मी सगळं सांगितलं, इथे लिहिलंय त्याहून जास्त सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “पण ताई, तुमच्या मिस्टरांचा पाय तर हलतोय ना व्हिडिओत?”