निकोटिन च्युइंगम: सात महिन्यांनंतरचा अनुभव

बावीस वर्षे दिवसाला बारा-पंधरा सिगारेटी ओढल्यानंतर गेल्या सात महिन्यांत मी एकही पेटवलेली नाही, आणि त्यांपैकी पहिले चार महिने माझी सारी भिस्त निकोटिनच्या च्युइंगमवर होती. सुरुवातीचे दहा दिवस मात्र मी त्याला नावेच ठेवली, कारण साध्या च्युइंगमसारखे ते भराभर चघळल्याने उचक्या लागत, छातीत जळजळ होई आणि तलफ जागच्या जागी राही. हे निकोटिन गालाच्या आतल्या बाजूने शोषले जावे लागते. लाळेबरोबर पोटात गेलेले बहुतांशी वाया जाते. म्हणून सावकाश चावायचे, जिभेला चरचरले की गाल व हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यायचे, चरचर ओसरली की पुन्हा थोडे चावायचे, असे अर्धा तास चालवायचे. सोबतच्या पत्रकात हे सगळे छापलेले होते. ते न वाचणे हा माझा दोष.

उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असल्यामुळे डॉक्टरांनी 2 ऐवजी 4 मिलिग्रॅमचे लिहून दिले, आणि तो फरक मला दुसऱ्याच दिवशी जाणवला.

खरी पंचाईत चहाने केली. चहा-कॉफीमुळे तोंडात आम्लता वाढते व निकोटिन नीट शोषले जात नाही, म्हणून आधीची पंधरा मिनिटे आणि च्युइंगम तोंडात असेपर्यंत चहा वर्ज्य. माझी तलफ तर टपरीवरच्या कटिंगलाच बांधलेली! अखेर अकराच्या चहाआधी च्युइंगम उरकून चहा जागेवरच मागवू लागलो. टपरी सुटली हा, माझ्या मते, च्युइंगमइतकाच मोठा उपाय ठरला. रिकाम्या बोटांचे काय करायचे, याचे उत्तर मात्र या औषधात नाही. तेथे बडीशेपेची डबी आणि सिगारेटच्या पाकिटावर छापलेला, तंबाखू सोडणाऱ्यांसाठीच्या मदतवाहिनीचा 1800-11-2356 हा क्रमांक उपयोगी पडला. तिसऱ्या आठवड्यात, रात्री जेवणानंतर अगदी मोडायला आलो असताना, समुपदेशकाने सांगितलेली ‘दहा मिनिटे पुढे ढकला’ ही युक्ती मी अनेकदा वापरली.

साधारण बारा आठवड्यांत च्युइंगम कमी करत बंद करायचे असते. मला सतरा लागले, कारण शेवटचे, झोपण्यापूर्वीचे एक सुटता सुटेना. चव पहिल्या दिवशी होती तितकीच वाईट शेवटच्या दिवशीही वाटली. शिवाय ते दाताच्या टोपीला चिकटते, त्यामुळे कवळी वापरणाऱ्यांनी दुसरा पर्याय आधी डॉक्टरांना विचारावा.