गोल्फ कार्टची गंजलेली चेसी शिरोलीत ब्लास्टिंग करून घेतली, त्याचा अनुभव

पन्हाळा रोडला आमचं छोटं कृषी पर्यटन आहे. गेटपासून खोल्यांपर्यंत वयस्कर पाहुण्यांना न्यायला एक जुनी गोल्फ कार्ट घेतली, गोव्यातल्या रिसॉर्टवर वापरलेली. म्हणजे आधी समुद्राची खारी हवा आणि वर आमच्याकडचा पाऊस न् लाल चिखल. काळा रंग मारून दिलेली, दिसायला चकाचक, पण बॅटरीच्या ट्रेखाली स्क्रूड्रायव्हर टोचला तर आरपार गेला. कुणी सांगितलं रेड ऑक्साइड मारा, कुणी सांगितलं जळकं ऑइल फासा, शेवटी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपला नेली आणि एक अख्खा पावसाळा बघून मगच लिहितोय, काम एक नंबर.

सगळ्यात आवडलं ते म्हणजे गाडी बघितल्या बघितल्या रंगाचा रेट सांगितला नाही. मिस्त्रींनी हातोडी घेऊन सगळी चेसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, वाजवत नेली, जिथं पत्रा चांगला तिथं टणटण आवाज, जिथं आतनं गेलाय तिथं भद्द. मग म्हणाले, "दादा, ह्याला पाण्यानं कमी आणि ॲसिडनं जास्त खाल्लंय बघा." खरंच आहे, ४८ व्होल्टच्या गाडीत बऱ्याचदा ८ व्होल्टच्या ६ लेड ॲसिड बॅटऱ्या असतात, चार्जिंगला लावायच्या आधीच कुणी डिस्टिल्ड वॉटर काठोकाठ भरलं की चार्ज होताना ते फुगून बाहेर येतं, आणि बाहेर येतं ते नुसतं पाणी नसतं, सल्फ्युरिक ॲसिड असतं. ते ट्रेच्या कोपऱ्यात, वेल्डिंगच्या सांध्यात जाऊन बसतं आणि वरनं कितीही भारी रंग मारा, खालनं खात राहतं.

म्हणून पहिलं काम खायच्या सोड्याचं. बॅटऱ्या आधीच उतरवलेल्या होत्या, पाण्यात सोडा कालवून सांध्या सांध्यात ओतला तर फसफस करून पांढरा फेस वर यायला लागला, आणि फेस यायचा पूर्ण थांबेपर्यंत परत परत ओतत राहिले. नंतर साध्या पाण्यानं धुऊन कडक उन्हात वाळवलं. एवढा पेशन्स मी कुठंच बघितला नव्हता.

ब्लास्टिंगबद्दल (म्हणजे जोराच्या हवेनं बारीक कण मारून गंज न् जुना रंग उडवणं) एक सांगतो, आपल्याकडं फाउंड्र्यांमुळं ब्लास्टिंगवाले लई आहेत पण कास्टिंगचं, म्हणजे जाड ओतीव भागांचं, प्रेशर गाडीच्या पातळ पत्र्याला चालत नाही, पत्रा वाकडा होतो. इथं प्रेशर कमी ठेवून गार्नेट (एका खनिजाचे बारीक कण) मारलं, साधी वाळू नाही (वाळूची धूळ कामगारांच्या फुफ्फुसाला घातक, सिलिकोसिस होतो, त्यामुळं हे बघून बरं वाटलं). ब्लास्ट झाल्यावर खरी भोकं दिसली. कुजलेला ट्रे कापून नवीन अँगल वेल्ड केला, परत तेवढ्याच जागी ब्लास्ट मारला आणि त्याच दुपारी प्रायमर. उघडं लोखंड रात्रभर ठेवायचंच नाही म्हणाले, आपल्या दमट हवेत सकाळपर्यंत पिवळं पडतं. झिंकवाला इपॉक्सी प्रायमर, त्यावर पॉलिस्टर पावडर कोटिंग (कोरडी रंगाची पावडर मारून भट्टीत भाजायची), कारण नुसतं इपॉक्सी उन्हात खडूसारखं पांढरं पडतं.

पण मला विचाराल तर पैसे वसूल झाले ते चेसीच्या बॉक्स पाइपच्या (चौकोनी पोकळ पाइपच्या) आतल्या कामात. बाहेरनं सगळेच करतात, गंज आतनं येतो. पाइपच्या खालच्या अंगाला पाणी निघायची भोकं मातीनं बुजलेली ती मोकळी केली, दोन ठिकाणी नवीन पाडली, लांब नळीनं आत हवा मारली तर एवढी लाल माती आणि खपल्या पडल्या की विचारू नका. आत ब्लास्ट पोचत नाही, मग तिथं फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर फिरवलं, ते गंजाचं फॉस्फेट करून टाकतं, पण सुट्ट्या खपल्यांवर मारलं तर खपलीबरोबर निघून येतं, म्हणून आधी साफसफाई. आणि कॅव्हिटी वॅक्स (पाइपच्या आत मारायचं गंज रोखणारं मेण) मात्र पावडर कोटिंगनंतर, कारण पावडर भट्टीत १८० ते २०० डिग्रीला भाजतात, आधी मारलेलं वॅक्स वितळून वाहून जाणार.

कमी काय, तर दिलेल्या तारखेला काम मिळत नाही, फोन करत राहायला लागतं. नेण्याआणण्याचा टेंपो आपला आपण बघायचा. रेट स्क्वेअर फुटावर आहे, वेल्डिंग आणि वॅक्सचं वेगळं, ते आधीच लिहून घ्या. नुसत्या ग्राइंडर-ब्रश-रंगापेक्षा महागच पडतं, पण पावसाळ्यानंतर गाडी रॅम्पवर चढवून खालनं टॉर्च मारून बघितली, ट्रेच्या सांध्यात एक फुगा नाही.

न्यायच्या आधी सीट, वायरिंग, मोटर, रबर बुश सगळं घरीच काढा, भट्टीत रबर टिकत नाही. आणि तुमची कार्ट क्लब कारची असेल तर आधी चुंबक लावून बघा, त्यांची चेसी ॲल्युमिनियमची असते, तिला लोखंडासारखा गंज चढत नाही.